दुसरा नारळ

वहाळकोंड,
१ जून १९५७

आनंदा,

कोंडीरामचा नमस्कार. बाबांचं तेरावं पार पडलं. गिरणीत मुकादमाला सांगून टाक, मी आता परत येत नाही. पेरणी तोंडावर आहे, धाकट्या भावाला, दौलतला नुकतं मिसरूड फुटलंय, त्याच्या एकट्याच्या हातून शेत होणार नाही. आई तर अंगणातसुद्धा उतरत नाही. माझी ट्रंक जिन्याखाली आहे, ती तुझ्याकडे नेऊन ठेव.

तेराव्यालाच एक गोष्ट झाली. गुणाजी गावकर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाबुरावाचं नाकं आता कोंडीचं. पन शिमग्याला नारळ फोडायला लागंल हां, बाप कुनाचा का आसना." आपल्या पारधीत बंदूक चालत नाही, देवाला तिरकमठाच लागतो. बाबा काय, आयुष्यभर त्या नाक्यावर, रानवाटेच्या तोंडाशी दबून बसले, हाकाऱ्यांनी डुक्कर उठवून पुढे घातलं की बाण सोडत आले. मला मात्र नाक्यावर बसायच्या आधी देवळासमोरच्या आंब्याला टांगलेला नारळ बाणाने फोडून दाखवायचाय. गिरणीच्या मागे टांगलेलं पोतं मला धड लागत नव्हतं, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत?

तुमच्या वाडीने दीक्षा घेतल्यापासून हाकाऱ्याला येणं बंद केलंय. त्यावरून यंदा शिमग्यात बरीच बोलाबोली झाली म्हणे. आता आमच्या वाडीतले तरुण हाकायला जाणार, दौलतही.

मी बोटीत चढताना भाऊच्या धक्क्यावर तू जे म्हणालास ते विसरलेलो नाही. तुला पारधीत नाकं मिळवून द्यायचं काम माझं. नाकं द्यायचं गावकरांच्या हातात, आणि ते सध्या माझ्याशी गोडीत आहेत. वेळ बघून विषय काढतो. तू फक्त सराव सोडू नकोस.

तुझा,
कोंडीराम

---

डिलाईल रोड, मुंबई,
२३ जून १९५७

कोंडीराम,

सप्रेम जय भीम. ट्रंक माझ्या खाटेखाली आहे. बाबुरावकाकांचं ऐकून वाईट वाटलं. घरात घेत नसत, पण माझ्या बापाला नावाने हाक मारून चार शब्द बोलायचे. गावात तेवढंही फार जण करत नव्हते.

गावकरांजवळ बोलताना तुझी गडबड व्हायला नको म्हणून पुन्हा लिहितो. माझा बाप रामजी जन्मभर हाकाऱ्यात ढोल बडवत काट्यातून पळाला. तो गेला त्या वर्षी वरच्या नाक्यावर गुणाजी गावकरच होते. डुक्कर समोरून आलं, त्यांनी घाई केली, बाण मांडीत बसला. जखमी डुक्कर पुढे जात नाही, मागे उलटतं. मागे माझा बाप होता. गावकरांनी बाराव्याला तांदूळ धाडले. नेम चुकला असं एकाही माणसाच्या तोंडून निघालं नाही. म्हणाले, रामजीचे दिवस भरले होते.

म्हणून मला ते नाकं हवंय. आमच्या चाळीतले जयवंत मास्तर रागावतात. "पंचशील घेतलंस आणि शिकारीला निघालास?" मी त्यांना म्हटलं, मास्तर, आधी मला तिथं बसायला तर मिळू दे. बाण सोडायचा की नाही ते बसल्यावर मी ठरवीन. नारळ देवाचा असेल, नाकं गावाचं आहे, आणि गावात आम्हीही राहतो.

आता तुझं बघू. तू दोरी सोडताना बोटं झटकतोस, म्हणून बाण डावीकडे जातो. झटकू नकोस, नुसती ढिली कर. आणि दोरी ओढलेला हात दर खेपेला गालफडाच्या हाडाला एकाच जागी टेकव. एकदा कानाशी, एकदा हनुवटीशी, असं केलंस तर नेम कुठून सारखा येणार?

मी आता रविवारी शीव कोळीवाड्याला जातो. वस्तीच्या मागे खाडीचं, चिखलाचं खाजण आहे, माणूसकाणूस नसतं. पोत्यात गिरणीतला सुताचा कचरा ठासून भरलाय, बाण त्यात छान रुततो. गंगुबाई म्हणून एक कोळीण तिथे मासे वाळत घालते. पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली, "काय रं, हितं वाघ मारायला येतंस?" म्हटलं, डुक्कर. तर म्हणाली, "मंग भायखल्याला जा की, राणीच्या बागंत."

गावकर काय म्हणतात ते कळव.

आनंदा

---

वहाळकोंड,
१६ मार्च १९५८

आनंदा,

नमस्कार. फोडला! तिसऱ्या बाणाला, पण फोडला. गालफडाचं हाड आठवलं आणि बोटं ढिली सोडली. आईने दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी बाबांच्या नाक्यावर बसलो, पण डुक्कर दुसऱ्याच वाटेने गेलं. खरं सांगू, गेलं तेव्हा सुटलो बुवा असं वाटलं.

तुझा विषय काढला. गावकर पान जुळवत होते, गालात हसले. म्हणाले, मुंबईत उभ्या पोत्याला बाण मारणं सोपं आहे. इथं नारळ वाऱ्यावर झुलतो. झुलता नारळ फोडायला शिक म्हणावं, मग बघू. नाही म्हणाले नाहीत हे ध्यानात घे. "मग बघू" म्हणाले. गावकरांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे खूप झालं.

तेव्हा नेट धर. सराव सोडू नकोस.

कोंडीराम

---

डिलाईल रोड,
२७ एप्रिल १९५८

कोंडीराम,

जय भीम. नारळाबद्दल शाबास. तिसऱ्या बाणाचं मी कोणाला सांगत नाही.

गावकरांचं म्हणणं मला पटलं. राग आला होता, पण विचार केला तर खरंच आहे, मी उभ्या पोत्यालाच मारत होतो. गंगुबाईने होडीची एक जुनी काठी दिली, तिला नारळाचं सोडण टांगलं. खाजणातला वारा तर तुला माहीतच आहे. पहिले दोन रविवार सगळे बाण चिखलात. मग कळलं की झुलणाऱ्याच्या मागे धावायचं नाही. झोक्याच्या टोकाला ते पळभर थांबतं, तिथे आधीच नेम धरून बसायचं आणि ते आपल्याकडे येऊ द्यायचं. आता लागतो. दर खेपेला नाही, पण लागतो.

परवा शीवच्या बसस्टॉपवर हवालदाराने धरलं. दोरी काढलेला कमठा चटईत गुंडाळला होता. "मोर्चाला काठ्या घेऊन निघाला काय?" मी म्हटलं, साहेब, तिरकमठा आहे, डुकरासाठी. "मुंबईत डुकरं कुठनं आली?" जिभेवर बरीच उत्तरं आली होती, गिळली. त्याने गुडघा लावून कमठा वाकवून बघितला आणि मधोमध चीर पडली. मला सोडलं. आता दोरी पूर्ण ओढली की कमठा कुरकुरतो.

गावकरांना सांग, झुलता नारळ फोडतो म्हणावं.

आनंदा

---

वहाळकोंड,
९ नोव्हेंबर १९५८

आनंदा,

नमस्कार. या पत्राबरोबर आमच्या वाडीतल्या रमाकांतच्या हाती बांबू धाडलाय. वहाळाच्या कोंडीवरच्या बेटातला आहे, मीच निवडून तोडला, सावलीत वाळवला. हवालदाराच्या गुडघ्याला ऐकणार नाही असा आहे. आई म्हणाली, कोणासाठी एवढा खपतोयस? मी म्हटलं, मित्रासाठी.

गावकरांशी बोललो. झुलत्याचं ऐकून त्यांनी मान हलवली. पण म्हणतात, उभं राहून कोणीही मारेल. नाक्यावर अर्धा दिवस उकिडवं बसावं लागतं, पायाला मुंग्या येतात, आणि तिथून बाण मारायचा असतो. आता म्हातारा माणूस, त्यांना कोण समजावणार? तू तेवढंही करून टाक म्हणजे त्यांना बोलायला जागा राहणार नाही.

मला एक सांग. डुक्कर अगदी समोरून आलं तर बाण कुठे घ्यायचा? या शिमग्याला माझ्या वाटेने येईल असं सगळे म्हणतात. मला झोप नाही.

कोंडीराम

---

डिलाईल रोड,
१८ जानेवारी १९५९

कोंडीराम,

जय भीम. बांबू बघून डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. असा बांबू मुंबईत डोळ्यांनी दिसत नाही. जयवंत मास्तरांनी हात फिरवून बघितला आणि पंचशीलाचं काही बोलले नाहीत.

उकिडवं बसून मारायला कमठा आखूड लागतो, नाहीतर खालचं टोक जमिनीला आपटतं. म्हणून तुझ्या बांबूचा आखूडच केलाय. गिरणीतून आलो की खोलीतही उकिडवाच बसतो. जेवतो तसाच, पेपर वाचतो तसाच. शेजारची अंबिका विचारते, "आनंदाभाऊ, पोटात दुखतंय का?"

तुझ्या प्रश्नाचं उत्तर नीट वाच, आणि पुन्हा वाच. डुक्कर समोरून आलं तर बाण सोडायचा नाही. कपाळाच्या हाडावरून बाण घसरतो, नाहीतर मांडीबिंडीत कुठेतरी बसतो. हलू नकोस. त्याला तुझ्यासमोरून जाऊ दे, ते जरासं पुढे गेलं की पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या अंगाला घे. तशी संधी मिळाली नाही तर सोडून दे. डुक्कर गेलं तर गेलं. गाव हसेल, पण मागे ढोल वाजवणारा माणूस घरी जाईल.

यंदाच्या शिमग्याला येऊ का?

आनंदा

---

वहाळकोंड,
१२ एप्रिल १९५९

आनंदा,

नमस्कार. शिमग्याच्या धांदलीत तुला वेळेवर कळवायचं राहिलं, रागावू नकोस.

या खेपेला पहिल्याच बाणाला नारळ! गावकरांनी स्वतःच्या हाताने फेटा बांधला. डुक्कर समोरून आलं होतं, तू लिहिल्याप्रमाणे हललो नाही, पण ते वळून झाडीत शिरलं. कोणी हसलं नाही. गावकर म्हणाले, कोंडी थंड डोक्याचा आहे. तुझीच शिकवण, पण तिथे तुझं नाव घेण्यासारखी वेळ नव्हती.

आणखी एक आनंदाची बातमी. गावकरांची नात राधा, तिचं आमच्या दौलतशी जुळवावं असं दोन्ही घरांत बोलणं चाललंय. आई हरखून गेलीय. आमच्यासारख्यांच्या घरी गावकरांची मुलगी यायची म्हणजे लहान गोष्ट नाही.

तुझ्याबद्दल बोललो. आता त्यांचं एकच म्हणणं उरलंय. थांबलेल्याला मारणं वेगळं, पळत्याला मारणं वेगळं. पळतं जनावर मारून दाखव म्हणतात. एवढं केलंस की झालंच समज. सराव सोडू नकोस, मित्रा. जवळ आलास तू.

कोंडीराम

---

डिलाईल रोड,
१३ डिसेंबर १९५९

कोंडीराम,

जय भीम. उत्तराला उशीर झाला, कारण पळत्याचं जमल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

खाजणात दोन खांब पुरले, मधे दोर ताणला, त्यावरून पोतं घसरत जातं. ओढायला गंगुबाई. तिला आता माझ्याइतकाच नाद लागलाय. मुद्दाम मधेच थांबते, मग एकदम झटका देते. "डुक्कर काय तुला सांगून पलतंय?" चुकलो की वर शिव्या. पावसाळाभर आम्ही दोघं चिखलात होतो. आता उकिडवं बसून, पळत्या पोत्याला, छातीखाली मी खडूने फुली काढतो तिथे बाण बसतो. गंगुबाई म्हणाली, "आता नाय म्हनायला त्यांच्याकडं काय ऱ्हायलं?" मलाही तेच वाटतं.

इथे सगळीकडे एकच बोलणं, मुंबईसकट महाराष्ट्र होणार. चाळीत लोक एकमेकांना वर्तमानपत्र वाचून दाखवतात. तू असायला हवा होतास. 

मी शिमग्याला येतोय. गावकरांना सांगून ठेव. आणि दौलतला माझा आशीर्वाद.

आनंदा

---

वहाळकोंड,
२१ फेब्रुवारी १९६०

आनंदा,

नमस्कार. घाईत लिहितोय. यंदा येऊ नकोस. गावात देवीची साथ आलीय, दोन घरं धरलीत. पारध होते की नाही याचीच शंका आहे. तुझ्यासारखा एकटा माणूस आजारी पडला तर मुंबईत कोण बघणार? तीन वर्षं थांबलास, आणखी एक वर्ष. पुढल्या शिमग्याला मी स्वतः तुला धक्क्यावर न्यायला येतो.

सराव सोडू नकोस.

कोंडीराम

---

डिलाईल रोड,
२४ मार्च १९६०

कोंडीराम,

तुझ्या पत्रानंतर मी घाबरलो, ते माझ्या आत्तेसाठी. सुभद्राआत्तेला निरोप धाडला, मुंबईला निघून ये म्हणून. तिचा उलटा निरोप आला, देवी नाही नि काही नाही, तूच शिमग्याला ये. तेव्हासुद्धा मला वाटलं, तुला कोणीतरी चुकीचं सांगितलं असेल. असा मी.

पुढचं तू बघितलंस. तरी लिहितो, कारण तू त्या वेळी खाली बघत होतास आणि तुझं काही सुटलं असेल.

शिमग्याच्या दिवशी मी आलो तेव्हा गावकर देवळाच्या ओट्यावर बसले होते. दात गेलेत त्यांचे. "कोन रं?" म्हणाले. मी म्हटलं, रामजीचा आनंदा, नारळ फोडायला आलोय. कमठ्याला दोरी चढवली. मी म्हटलं, तुम्ही कोंडीरामजवळ जे जे निरोप दिलेत ते सगळं करून आलोय. झुलता, बसून, पळता. ते म्हणाले, "कसले निरोप? मी कुनाजवळ निरोप दिला नाय." मग तुझ्याकडे वळून, "काय रं कोंडी?"

तू कमठ्याची दोरी चाचपत होतास.

"हा माझ्याजवळ कवा बोल्लाच नाय," गावकर म्हणाले. "आन बोल्ला आसता तर मी नायच म्हटलं आसतं. पन इचारायला तर यायचं."

ज्याच्या बाणाने माझा बाप गेला, त्या माणसाने हे मला सांगितलं.

मी बाण लावला. कोणी अडवलं नाही, मला वाटतं कोणाला सुचलंच नाही. वारा होता. नारळ झोक्याच्या टोकाला थांबला तिथे घेतला. पाणी खाली सांडलं. इतकी वर्षं मी मनात बघत आलो होतो की या वेळी काय होईल. कोणी शाबास म्हणेल, कोणी अंगावर धावून येईल. दोन्हीची तयारी होती माझी. गावकर जागचे उठलेसुद्धा नाहीत. "दुसरा नारळ आना," म्हणाले.

आणि देवळात जाऊन तो आणलास तू. माझ्या बाणाने फुटलेल्या करवंट्या पायाने बाजूला सारल्यास, दुसरा नारळ बांधलास, गाठ ओढून बघितलीस. मी परत वाडीवर जाईपर्यंत मागे तुमचा खेळ सुरूही झाला होता.

कोंडीराम, गोळीबाराच्या दिवसांत आपण दोघं जिन्याखाली दबून बसलो होतो आणि बाहेर पडल्याबरोबर तू पुन्हा ओरडायला लागलास. "झालाच पाहिजे" म्हणताना तुझ्या गळ्याच्या शिरा फुगायच्या. बंदुकीसमोर मुंबई मागायला तू भ्यायला नाहीस. एका म्हाताऱ्याला एक वाक्य विचारायचं होतं, ते तीन वर्षांत जमलं नाही.

"विचारवत नाही रे, भीती वाटते," एवढं लिहिलं असतंस तर मी समजून घेतलं असतं. तू मला कामाला लावलंस. दर वर्षी नवीन उणीव शोधून धाडलीस, आणि दर वर्षी मी समजत राहिलो की कमी माझ्यात आहे. याची तुला कधीच माफी मिळणार नाही.

आनंदा

---

वहाळकोंड,
२० एप्रिल १९६०

आनंदा,

तुझं पत्र आलं तेव्हा घरात चूल पेटलेली नव्हती, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी पारध झाली. आदल्या दिवशीच्या प्रकाराने सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. कोणीतरी म्हणालंही, मुंबईवाल्याने एका बाणात फोडला, आता आपला कोंडी काय करतो बघू. डुक्कर समोरूनच आलं. तू लिहिलं होतंस, सोडून दे. मला सोडवलं नाही. बाण मांडीत बसला आणि ते उलटलं.

मागे दौलत होता. ढोल गळ्यात अडकलेला, बाजूला होता आलं नाही त्याला.

जीव वाचला, पण पाय गुडघ्याच्या वर फाटलाय. तालुक्याच्या डॉक्टरांनी टाके घातले, आता आतून पू धरलाय. मुंबईला न्या म्हणतात, नाहीतर पाय जाईल. गावकर एकदा येऊन बघून गेले. नशीब, म्हणाले. राधेचं नाव आता त्या घरातून कोणी काढत नाही.

तुला फसवायचं माझ्या मनात कधी नव्हतं. तुला वाईट वाटू नये म्हणून मी लिहीत गेलो. मला इथे राहायचंय, आनंदा. तू एक दिवस येऊन गेलास, मला त्याच पाणवठ्यावर, त्याच माणसांत जन्म काढायचाय. याचाही विचार कर.

परळच्या इस्पितळात खाट मिळवून देईल असं मुंबईत तुझ्याशिवाय कोणी आठवत नाही. दौलतने तुझं काही वाकडं केलेलं नाही.

कोंडीराम

---

डिलाईल रोड,
२ मे १९६०

कोंडीराम,

अंबिका परळच्या इस्पितळात आया आहे. तिने डॉक्टरांना गाठून बोलून ठेवलंय. पावसाने बोटी बंद व्हायच्या आत दौलतला धाड. खाट मिळेपर्यंत आणि मिळाल्यावरही त्याचं सगळं मी बघीन. रजा टाकलीय. माझ्या घरचं पाणी प्यायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं, माठ दाराशीच असतो.

मी हे तुझ्यासाठी करत नाही. हाकाऱ्यातला माणूस डुकराने फाडला की त्याच्याकडे कोण बघतं ते मला ठाऊक आहे.

परवापासून इथे दिवाळी चाललीय. गिरगावात घराघरांवर दिवे, दादरला माणसांचा पूर. जयवंत मास्तरांनी पेढा दिला, मी खाल्ला. आनंद झाला, नाही कसं म्हणू? आपण दोघांनी मागितलं होतं ते. मग घरी येऊन तुझी ट्रंक खाटेखालून ओढून तिच्यावर बसलो आणि तो आनंद काही टिकला नाही.

कमठा गंगुबाईला देऊन टाकला. तिने तो दोन खांबांवर आडवा बांधलाय, त्यावर बोंबील वाळतात. मला आता नाकं नको.

पण तू एक कर. गुणाजी गावकरांकडे जा आणि विचार, रामजीच्या आनंदाला नाकं देता का? ते नाही म्हणतील. म्हणू देत. त्यांनी नाही म्हटलं एवढंच मला तुझ्या हातच्या पत्रात वाचायचंय. तू एकदा माझ्यासाठी तोंड उघडलंस हे मला कळलं तर पुरे.

दौलतच्या खाटेचा याच्याशी संबंध नाही. तू विचार अगर विचारू नकोस, तो आलाच पाहिजे.

आनंदा

---

वहाळकोंड,
१५ मे १९६०

आनंदा,

नमस्कार. तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. दौलतला आमच्या बहिणीच्या, बकुळेच्या यजमानांबरोबर शेवटच्या बोटीने धाडतोय. मी स्वतःच येणार होतो, पण पेरणी तोंडावर आहे आणि घरात दुसरा हात नाही. तू समजून घेशील.

दौलतजवळ ताट, पेला आणि पाण्याची कळशी दिलीय. आईने दिली. मनाला लावून घेऊ नकोस, आजारी माणसाचं वेगळं असलेलं बरं.

तू लिहिलंस ते माझ्या मनात पक्कं आहे. परवा गावकरांच्या ओट्यावर जाऊन बराच वेळ बसलोही होतो. पण त्यांना खोकल्याने बेजार केलंय, चार माणसं भेटायला आलेली, अशात विषय काढणं बरं दिसलं नाही. पाऊस सरला की वेळ बघून नक्की काढतो.

कमठा देऊन टाकलास हे वाचून वाईट वाटलं. एवढा चांगला बांबू होता. हवा तर दुसरा तोडून धाडतो, पण सराव सोडू नकोस.

तुझा,
कोंडीराम